चौथा मालक

१४ जून २०२४

दौलतरावांनी संघ विकला. मला हे रिक्षावाल्याकडून कळले. मी संघाचा प्रशिक्षक आहे, तेव्हा रिक्षावाल्यानंतर लगेच मलाच सांगायचे ठरले असणार.

आजपासून लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारले, की उल्हास खोरे महिला कबड्डी लीगमधला हा संघ घडवला कोणी आणि मोडला कोणी, तर तोंडी उत्तर पुरे पडणार नाही. मोडणाऱ्यांची नावे येतील तशी लिहीन. घडवणाऱ्याचे नाव एकच आहे, आणि ते स्वतःच्या हाताने सारखे लिहायला संकोच वाटतो.

माझे शिवमंदिराच्या रस्त्याला फोटो फ्रेमचे दुकान आहे. कबड्डी मी कोणाकडे शिकलो नाही. सामन्यांचे चित्रण थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून शिकलो. प्रशिक्षणाची पदविका माझ्याकडे नाही. इतरांच्या पदविका मी चौकटीत बसवून देतो, त्यामुळे आतल्या कागदापेक्षा चौकट महाग असते हे मला अनुभवाने माहीत आहे.

दौलतराव तसे वाईट नव्हेत. चिखलोलीची जमीन इमारतींना गेल्यावर बंगला झाला, गाडी झाली, दुसरी गाडी झाली, तरी हात शिवशिवत राहिले, तेव्हा त्यांनी वडिलांच्या नावाने संघ काढला. कैलासवासी हिंदुराव क्रीडा मंडळ. जर्सीच्या छातीवर हिंदुरावांचा फोटो, तोही हारासकट. हार डावीकडे कलला आहे, हे मी छापण्याआधीच सांगितले होते. फोटोतले मला कळते म्हणून अर्थातच ऐकले नाही. आमच्या मुली तोंडावर पडायला बिचकायच्या, आजोबा खाली घासतात म्हणून. पण गंमत अशी, की समोरच्या संघांतल्या निम्म्या मुली दौलतरावांच्या भावकीतल्या. हार घातलेल्या चुलत आजोबांना कंबरेत मिठी मारून आपटणे त्यांच्या जिवावर यायचे. नुसते घोटे धरायला बघायच्या, आणि आमची चढाईवाली रविना घोटा कोणाच्या हाती लागू देत नाही. सलग सहा सामने जिंकलो.

गावात सगळे म्हणाले, हिंदुरावांची पुण्याई. खरे कारण माझी साखळी पकडीची रचना होती.

१५ जून

संजीवनी मला दौलतरावांकडे घेऊन गेली. ती आमची कप्तान, डावा कोपरा सांभाळते, बदलापूरला आईबरोबर राहते. एका सरकारी खात्याच्या कबड्डी संघाची निवड चाचणी फेब्रुवारीत आहे. निवड झाली तर कायमची नोकरी. वयाची अट अठ्ठावीस, आणि तिला मार्चमध्ये अठ्ठावीस पुरी होतात. म्हणजे ही शेवटची चाचणी. आणि चाचणीला उभे राहायचे तर संघमालकाचे ना हरकत पत्र लागते. ते नसेल तर मैदानात पाऊलही ठेवू देत नाहीत.

"अगो पोरी, तू घरची," दौलतराव म्हणाले. "घरच्या पोरीला कोण ना हरकत देतो काय?"

"काका, मी तीनदा मागितलं."

"आन् मी तीनदा चहा पाजला की नाय? आता संघ तलरेजा शेठचा. माझ्या हातात काय रायलं?"

"कालपर्यंत होतं."

"काल तू आलीस कुठं?"

चौथ्यांदा चहा आला. मी पूर्ण वेळ शांत होतो. आपले वजन नेमके कुठे टाकायचे हे मला कळते. बाहेर पडल्यावर संजीवनी म्हणाली, "सर, तुम्ही काहीतरी बोलाल वाटलं." मी तिला सांगितले, की मी बोललो असतो तर विषय वाढला असता.

२ जुलै

नवे मालक परसराम तलरेजा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सचा कारखाना. संघाचे नाव आता टी-डेनिम टायग्रेस. हिंदुरावांना छातीवरून उतरवण्यात आले आणि मुलींना डेनिमच्या अर्ध्या विजारी देण्यात आल्या. दुसऱ्याच सामन्यात घामाने निळा रंग मॅटवर उतरला. पंचांनी खेळ थांबवला, कारण त्यांना बोनसची रेषा दिसेना. मी कपड्याचा तुकडा धुऊन आधीच दाखवला होता. शेठ म्हणाले, "मास्तर, रंग उतरला म्हणजेच ओरिजिनल."

पण खरी गोष्ट वेगळीच. शेठनी आज सगळ्यांना उभे करून नियम सांगितला.

"पहिली चढाई खाली नहीं आनी चाहिए. वो बोहनी है. बोहनी बिघडली, का दिवस बिघडला."

मी समजावले, की पहिली चढाई समोरच्यांचा अंदाज घ्यायला असते. रिकामे परत येणे हेच तिचे शास्त्र.

"शास्त्र दुकान में रखो, मास्तर. गल्ले पे नहीं."

रविना बारवी धरणाकडच्या वाडीवरची, बोलते थोडे. तिने विचारले, "सर, पयल्या येळेला साती जणी ताज्या असतात. त्यांच्यातून एक मारूनच यायचं, नायतर यायचंच न्हाय, असं का?"

मालकाचा हा हुकूम शुद्ध अडाणीपणा आहे. मी तिला म्हणालो, जा.

१९ जुलै

तिसरा पराभव. तिन्ही वेळा रविना पहिल्याच चढाईत पकडली गेली आणि बराच वेळ बाहेर बसून राहिली. आमची पहिली चढाई बोहनीची असते, हे आता शाळेच्या पोरांनाही माहीत आहे. समोरचा संघ मॅटवर उतरतो तोच सापळा लावून. काल त्यांच्या कप्तानाने रविनाला हसून विचारले, "काय ताई, सुट्टे पैसे आणलेत ना?"

कधी कधी वाटते, मी नसतो तर हा संघ किती वाईट खेळला असता. कधी कधी नेमके उलटे वाटते. दुसरा विचार साधारणपणे उपाशीपोटी येतो.

११ ऑगस्ट

जिंकलो. पहिल्या चढाईला रविनाऐवजी किर्तीला पाठवण्याची माझी चाल यशस्वी झाली.

तपशील नोंदवणे आवश्यक आहे. मी रविनाचेच नाव सांगितले होते. मग मी पाण्याची बाटली आणायला वळलो आणि परत पाहतो तर संजीवनीने किर्तीला पुढे केलेले. पण ही कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच, बोलायची तेवढी राहिली होती. किर्ती राखीव खेळाडू, लांब पायांची, तोंडाने जास्त खेळणारी. ती बोनसच्या रेषेपाशी उभी राहून, कबड्डी-कबड्डी म्हणतच, समोरच्या कोपऱ्याच्या बुटाकडे बोट दाखवू लागली, नाडी सुटल्यासारखे. कोपऱ्यावरची खाली बघेपर्यंत पाय रेषेपलीकडे टेकवून परत. एक गुण. बोहनी झाली. पुढे रविना मोकळी सुटली.

शेठनी काजूकतली वाटली. "देखा? मैंने क्या बोला था?"

परतीच्या गाडीत किर्तीने शेठची नक्कल केली, हुबेहूब. नंतर माझी केली. दोन बोटे वर धरून म्हणाली, "साखळी म्हणजे काय? साखळी म्हणजे विचार." मुली बराच वेळ हसत होत्या. मी रागावलो नाही. वाक्य त्यांच्या लक्षात राहिले आहे, हे महत्त्वाचे.

५ सप्टेंबर

गुणतक्त्यात तिसरे आहोत. संजीवनी कारखान्यावर जाऊन शेठना भेटली. मीही गेलो होतो, दाराशी उभा राहिलो. आत कपड्याचे तंतू फार उडतात.

"बेटा, चलती का माल कोणी शेल्फवरून उतरवतं का?"

"शेठ, माझं वय निघून जाईल."

"दिवाळी होऊ दे. दिवाळी के बाद पक्का. जबान दी."

ती खुशीत परत आली. मी तिला सावध केले, की व्यापाऱ्याची जबान आणि व्यापाऱ्याची सही यांत फरक असतो. "मग आत येऊन त्यांना सांगायचं ना, सर," ती म्हणाली. मी तंतूंचे कारण सांगितले.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. शेठनी शब्द मोडला असे म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर ना हरकत द्यायला संघ त्यांच्याकडे राहिलाच नाही.

चिखलोलीच्या एका नव्या प्रकल्पात शेठना दुकानाचा गाळा हवा होता आणि त्या बिल्डरला जाहिरातीसाठी संघ हवा होता. अदलाबदल झाली. बारा खेळाडू आणि एक प्रशिक्षक मिळून एक गाळा. शेठनी मला फोन करून सांगितले, की पोटमाळा धरून. मी म्हटले, पोटमाळा बहुधा माझ्या वाट्याचा असेल. "आप ऐसा मत सोचो, मास्तर," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

२४ नोव्हेंबर

संघाचे आजचे नाव: स्काय मेडोज चिखलोली. कंपनीतर्फे सुजित नावाचा तरुण येतो. पांढरे बूट घालतो, ते चिखलोलीत पांढरे कसे राहतात हा अभ्यासाचा विषय आहे.

आज सरावाऐवजी नमुना फ्लॅटमध्ये फोटो काढले. संजीवनीला जर्सीत स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे केले, हातात रिकामे भांडे. "मॅम, जरा घरगुती हसा." रविनाच्या वाडीवर पाणी डोक्यावरून आणतात. तिला नळ उघडून आनंदी दिसायला सांगितले. नळाला पाणी नव्हते.

"पाणी न्हाय," रविना म्हणाली.

"ते पझेशननंतर," सुजित म्हणाला. "आत्ता फक्त एक्स्प्रेशन."

जाहिरातीत लिहिले आहे, रेल्वे स्थानक पाच मिनिटांवर. स्थानक अजून प्रस्तावित आहे. संघाची विजेतेपदाची शक्यताही त्याच अर्थाने पाच मिनिटांवर धरता येईल.

निघताना सुजितने मला बाजूला घेतले. "सर, एक आयडिया आहे. चढाई करताना त्या सारखं कबड्डी-कबड्डी बोलतात ना. त्याच्याऐवजी स्काय मेडोज-स्काय मेडोज बोलता येईल?"

मी नियम दाखवला. कबड्डी हाच शब्द, स्पष्ट, एका दमात.

"थोडं फ्लेक्झिबल?"

१५ डिसेंबर

पाचवा पराभव. तक्त्यात खालून पहिले. सरावाची मॅट क्लबहाऊसमध्ये आहे, आणि शनिवार-रविवारी ग्राहक जागा बघायला येतात तेव्हा मॅट गुंडाळून तिथे झोपाळा ठेवतात. नोकरी-कॉलेज करणाऱ्या मुलींना सरावाला शनिवार-रविवारच मिळतो. संजीवनी त्यांना पार्किंगमध्ये, काँक्रीटवर, नुसत्या उभ्या उभ्या पकडी शिकवते. त्यातही रविनाला कोपऱ्यावर उभी करते. चढाई करणारीला कोपरा कशाला शिकवायचा? माझ्या आराखड्यात हे नाही. वेळेचा अपव्यय.

तिच्या ना हरकत पत्राचे सुजितने मनावर घेतले आहे. "मॅम, मेल टाका, मी टीमला लूपमध्ये घेतो." तिने मेल टाकला. उत्तर आले: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया आपला विंग आणि फ्लॅट क्रमांक कळवा. तिने कळवले, की फ्लॅट नाही. त्यावर विक्री विभागातून तिला रोज फोन येतो.

एक मालक भावनेने बांधून ठेवतो, दुसरा धंद्याने, तिसऱ्याला तर बांधले आहे हेही माहीत नसते. संघ ही वस्तू ज्याला कळत नाही त्याच्याच हातात का जाते, कोण जाणे.

६ जानेवारी २०२५

आज जे घडले ते शांतपणे लिहितो.

सुजित दुकानावर आला. इमारतीचे बुकिंग पूर्ण झाले आहे. "सर, मॅनेजमेंटला वाटतं की इमोशनली टीम तुमचीच आहे. तर कागदावर पण तुमचीच करून टाकू." मोबदला काही नाही. उलट मॅटही ठेवून घ्या म्हणाला, क्लबहाऊसमध्ये ती वास मारते.

मी सही केली. या संघाचा चौथा मालक मी आहे. कबड्डी कळणारा पहिला.

घरी येऊन बायकोला, मालिनीला, सांगितले. ती भाजी निवडत होती.

"मुलींना मानधन कोण देणार?"

"मालक."

"मग त्याला सांगा आधी," ती म्हणाली आणि निवडत राहिली. तिला क्रीडा व्यवस्थापनात रस नाही.

पहिले निर्णय असे. नाव: माझेच, भगवंत कबड्डी अकादमी. जर्सी साधी. फोटो नाही, जाहिरात नाही, फक्त डाव्या बाजूला माझी सही, लहान. सरावाआधी मी थोडा वेळ बोलेन. पहिली चढाई कोणाची ते मी ठरवेन, आणि पाण्याच्या बाटल्या आता दुसरे कोणीतरी आणेल.

१२ जानेवारी

लीगचा नियम: ३१ जानेवारीपर्यंत नोंदणीकृत बारा खेळाडू दाखवले नाहीत, तर संघ बाद. आमच्याकडे बरोबर बारा आहेत.

संध्याकाळी संजीवनी दुकानात आली. हातात लिहून आणलेले पत्र, फक्त सहीची जागा कोरी. चाचणी ३ फेब्रुवारीला आहे.

"सर, आता कोणाकडे जायला नको. तुम्हीच आहात."

मी तिला बसवले आणि नाही म्हणालो. पण त्या तिघांसारखे नाही. त्यांनी कधी कारणे दिली नव्हती. मी दिली. ना हरकत दिली की खेळाडूचे नाव नोंदणीतून निघते, एक गेली की अकरा राहतात, अकरा राहिल्या की संघ बाद होतो, आणि कबड्डी कळणाऱ्याच्या हातात हा संघ पहिल्यांदाच आला आहे. इतक्या वर्षांनी. पुढच्या वर्षी मी तिला स्वतः पत्र देईन.

"पुढच्या वर्षी मी अठ्ठावीसच्या पुढे असेन, सर."

"वय ही मनाची गोष्ट आहे."

"त्यांच्या फॉर्मवर जन्मतारीख मागितलीये."

मी टेबलावरची पट्टी सरळ करून ठेवली.

"डाव्या कोपऱ्याचं टेन्शन घेऊ नका," ती म्हणाली. "रविनाला तयार केलंय मी. दोन महिने झाले."

"अडचण कोपऱ्याची नाही. आकड्याची आहे."

ती दुकानातल्या फ्रेमकडे बघत बसली. कोणाचे तरी पदवीचे प्रमाणपत्र होते, काच बसवायची बाकी. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवले.

"बरं, शेठ," म्हणाली आणि गेली.

मला शेठ पहिल्यांदाच कोणी म्हटले. कानाला नीट बसले नाही. सवय होईल.

मालिनीने रात्री जेवताना विचारले, "चहा तरी विचारलात का तिला?" नव्हता विचारला. या एका बाबतीत दौलतराव पुढे आहेत, हे मान्य करायला हवे.

२० जानेवारी

सरावात अशी शिस्त मी आजवर पाहिली नव्हती. मी सांगतो तेवढेच करतात, सांगणे थांबले की थांबतात. साखळी लावा म्हटले, लावली. आता सोडा म्हणायला मी विसरलो, तर तशाच हात धरून उभ्या राहिल्या. संजीवनी वेळेवर येते, सगळे करते, वेळेवर जाते.

मी एक विनोद सांगितला.

"हो, शेठ," रविना म्हणाली.

किर्ती आठवडाभर कोणाचीच नक्कल करत नाही. मी तिला स्वतःहून सांगितले, की माझी केलीस तरी चालेल. "नको शेठ," ती म्हणाली, "मालकांची करत नाही आम्ही."

तलरेजांची करत होती. पण मी वाद घातला नाही.

२६ जानेवारी

आज मोठी गोष्ट घडली. सकाळी दुकान उघडत होतो तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भगवंत सर बोलताय का? मी खात्याच्या क्रीडा विभागातून बोलतेय. मुख्य निवडकर्ती." आवाज भारदस्त, थोडा नाकातला.

झेंडावंदनाच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम करणारे अधिकारी आहेत, हे पाहून बरे वाटले.

"तुमच्या संघाचे सामने आम्ही बघितले, सर. ती साखळी पकड कुणाची?"

"माझी."

"वाटलंच. कुठल्या पुस्तकात नाही ती."

"पुस्तकात कशी असेल? मी बसवली आहे."

"पदविका कुठून केलीत?"

"पदविका नाही. स्वतः शिकलो."

मग बाई म्हणाल्या, "तेच तर, सर. आमच्याकडे पदविकावाले ढीगभर आहेत. साखळी म्हणजे काय, एवढं थोडक्यात सांगाल? त्यांना सांगायला."

"साखळी म्हणजे विचार," मी म्हणालो.

कोणाला तरी जोरात ठसका लागला. "लिहून घेताहेत सगळे," बाईंनी खुलासा केला. तेवढ्यात मागे एक कोंबडा आरवला आणि कोणीतरी त्याला हाकलले. सरकारी कार्यालयांची आवारे मोठी असतात.

मग त्या मुद्द्यावर आल्या. "अडचण एकच आहे, सर. तुमची विद्या आमच्यापर्यंत यायची कशी? तुमच्या हाताखाली घडलेली मुलगी आमच्याकडे आली, तर ती शिकवेल. म्हणजे सात-आठ जिल्ह्यांत तुमची साखळी खेळली जाईल. आता ते सगळं मालकावर आहे म्हणे. मालक कोण आहेत तुमचे? सोडतील का?"

मी म्हणालो, "मालकांशी बोलतो."

"कसे आहेत स्वभावाने?"

खरे सांगायचे तर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. काय उत्तर दिले ते आठवत नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "बघा, सर. आठवडाच राहिलाय." आणि आता आवाज भारदस्त नव्हता.

दुपारी दुकान बंद ठेवून पत्र तयार केले. तिने आणलेला मजकूर बरा होता, पण कागद पातळ. चांगल्या जाड कागदावर घेतला, समास सारखे केले, सही केली. बदलापूरला स्वतः जाऊन दिले. तिच्या आईने दार उघडले. संजीवनीने पत्र उभ्याने वाचले, मग पुन्हा वाचले.

"लीगचं काय होणार, सर?"

मी तिला सांगितले, की खात्याकडून विनंती आली आहे, व्यापक हिताचा प्रश्न आहे, तपशील गोपनीय. तिने मान हलवली आणि म्हणाली, "बसा सर, चहा टाकते."

३१ जानेवारी

लीगच्या कार्यालयात अकरा नावे दिली. चिटणीस भला माणूस. "अहो, एका नावाने काय होतं? भाचीचं, पुतणीचं कोणाचं तरी लिहून टाका. कोण बघतंय?"

मी म्हटले, मी बघतोय.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे लोक पदविका नसलेल्या प्रशिक्षकाकडे पाहतात. मग संघाच्या नावावर लाल रेघ मारली. रेघ सरळ नव्हती. पट्टी मागून पुन्हा मारायला लावली असती, पण मागे रांग होती.

चार मालकांत माझी मालकी सगळ्यांत कमी टिकली. दौलतरावांच्या काळात सहा सामने जिंकले, तलरेजांच्या काळात तिसरा क्रमांक, बिल्डरच्या काळात निदान फोटो निघाले. माझ्या काळात एकही सामना झाला नाही, त्यामुळे एकही हरलो नाही. हा विक्रम आहे.

संघ बाद झाल्यामुळे मुली मोकळ्या झाल्या. उल्हासनगरच्या एका संघाने रविनाला घेतले, डाव्या कोपऱ्यावर.

२ मार्च

संजीवनी आणि किर्ती पेढे घेऊन दुकानात आल्या. निवड झाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे. मालिनी घरातून आली होती, तिने संजीवनीच्या गालावरून हात फिरवला आणि उगाच किर्तीच्या पाठीत धपाटा घातला. किर्ती हसली. या दोघींचे काय चालते मला कळत नाही.

मी संजीवनीला विचारले, "त्या मुख्य निवडकर्त्या बाई भेटल्या का? मी साखळीवर सविस्तर टिपण लिहितोय, आकृत्यांसह. त्यांना पाठवायचे आहे. पत्ता हवा."

संजीवनीने किर्तीकडे पाहिले. किर्ती भिंतीवरच्या गणपतीकडे पाहू लागली.

"त्यांची बदली झाली, सर."

"इतक्यात? कुठे?"

"लांब."

"जाणकार माणसाला एका जागी टिकू देत नाहीत," मी म्हणालो. "खाते काय, संघ काय."

"हो ना," मालिनी म्हणाली आणि पेढ्याचा पुडा घेऊन मागे वळली. तिचे खांदे हलत होते.

निवडकर्त्या बाई जाता जाता माझ्याविषयी काही म्हणाल्या का, हे विचारणे बरे दिसले नसते. मी काचेवरची धूळ पुसत राहिलो. तेव्हा किर्ती स्वतःच म्हणाली, "सर, बाई जाताना बोलल्या. मालक लई बघितले म्हणे, सही करणारा हा एकच."

हे बोलताना तिने कोणाचीही नक्कल केली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.